हिवाळी संकरित गहू : आई-बापाची निवड
गव्हाच्या फुलाला दुसऱ्या झाडाच्या परागाची गरज पडत नाही. परागकोश तुसांच्या आतच फुटतात. ओंबीवर पिवळे परागकोश लोंबताना दिसतात तोवर फलन बरेचसे उरकलेले असते. म्हणूनच मक्यात सोपा ठरलेला संकर गव्हात अवघड होतो.

जर्मनी, फ्रान्स, कॅन्सस या भागांत हिवाळी गहू पेरतात. पेरणी शरद ऋतूत, कापणी पुढच्या उन्हाळ्यात. कित्येक आठवडे थंडी सोसल्याशिवाय तो फुलावर येत नाही. (महाराष्ट्रात रब्बीत घेतला जाणारा गहू थंडीत वाढत असला तरी त्याला अशा थंडीची अट नसते; शास्त्रीय वर्गीकरणात तो वसंती गहू ठरतो.) संकर करायचा तर आई आणि बाप दोन्ही वाण त्या भागातल्या हिमात तगणारे हवेत. नर वाणाच्या ओळी हिमाने मेल्या तर बीजोत्पादनाचा सगळा प्लॉटच वाया जातो.

आईचे स्वतःचे पराग निकामी करण्याच्या दोन वाटा आहेत. एक रसायनाची, फ्रान्समध्ये त्यासाठी सिंटोफेन वापरले जाते. दुसरी नरवंध्यत्वाची: १९६२ साली कॅन्ससमध्ये विल्सन आणि रॉस यांनी टिमोफीवी या नात्यातल्या गव्हाच्या पेशीद्रवातून ती खुली केली. या वाटेने गेले की बापाकडे प्रजननक्षमता परत आणणारी जनुके असावीच लागतात, नाहीतर शेतकऱ्याच्या शेतातल्या ओंब्या भरत नाहीत. अशी जनुके असलेले चांगले वाण मोजकेच असल्याने निवड लगेच आखडते.

खरी कसोटी बापाची. त्याचे परागकोश मोठे हवेत, तुसांबाहेर पूर्ण यायला हवेत आणि पराग दिवसेंदिवस झडत राहायला हवा. गव्हाचा पराग जड असतो, फार दूर जात नाही आणि साधारण अर्ध्या तासात निर्जीव होतो. म्हणून बाप आईपेक्षा थोडा उंच आणि फुलायला किंचित उशिराचा निवडतात. आईची कुक्षी काही दिवस वाट पाहू शकते, पराग पाहू शकत नाही. आईची तुसे मात्र चांगली उघडणारी लागतात.

अडचण इथेच आहे. हरितक्रांतीने पसरवलेली बुटकेपणाची जनुके, आरएचटी-बी१ आणि आरएचटी-डी१, गहू लोळण्यापासून वाचवतात, पण परागकोश आतच अडकवून ठेवतात. आरएचटी-२४ हे जनुक उंची कमी करूनही परागकोश अडवत नाही, त्यामुळे पैदासकारांचे लक्ष तिकडे वळले आहे.

उत्पादनाचे काय? उत्तम वाण उत्तम पालक ठरेलच असे नाही. अनेक जोडीदारांशी त्याचा मेळ कसा बसतो, ते संकर करूनच कळते. जर्मन शास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२० मादी आणि १५ नर वाणांपासून १,६०४ संकर तयार करून तपासले. आई-बापांच्या सरासरीपेक्षा संकर सुमारे १० टक्के सरस ठरले. पावाची प्रत मात्र बहुधा दोघांच्या मध्यावर राहते, त्यामुळे एकाची उणीव दुसरा पूर्ण भरून काढत नाही.

संकराचे बी पुढच्या पिढीत जोम गमावते, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. पराग कमी झडला की मादी ओळीत दाणे कमी धरतात आणि त्या बियाण्याचा भाव चढतो. याच कारणाने युरोपातल्या गव्हाच्या क्षेत्रात संकरित वाणांचा वाटा आजही अगदी थोडा आहे.