निळी पूड आणि जालन्याचं बोअर

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना मिळालं. त्यातले याघी अम्मानमध्ये, एका निर्वासित पॅलेस्टिनी कुटुंबात वाढले. तिथं पाणी आठ-पंधरा दिवसांतून एकदा, तेही काही तासच यायचं. वर्गात हे सांगितलं तर पोरं हसली. नळ आले की ड्रम, टाक्या, घागरी भरायची धांदल जालन्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. या तिघांनी ज्या पदार्थांचा पाया घातला, त्यांना आम्ही लॅबमध्ये ‘मॉफ’ म्हणतो. बांधकामावरची परांची डोळ्यांसमोर आणा. वाशांच्या जागी कार्बनी रेणू, गाठींच्या जागी धातूचे अणू, आणि मधे सगळी पोकळीच पोकळी. ती पोकळी एवढी, की आमच्या नेहमीच्या तांब्याच्या मॉफमध्ये एका ग्रॅमला साधारण १,५०० चौरस मीटर आतला पृष्ठभाग मिळतो. शेतकऱ्याच्या भाषेत पंधरा गुंठे.

हा तांब्याचा मॉफ १९९९ मध्ये हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात पहिल्यांदा तयार झाला. कृती अवघड नाही. कॉपर नायट्रेट आणि ट्रायमेसिक आम्ल पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात घालायचं, भांडं घट्ट बंद करायचं आणि ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. भांडं उघडलं की तळाला आकाशी निळी पूड. ती निर्वात ओव्हनमध्ये तापवली की तांब्याला चिकटलेलं पाणी उडून जातं आणि रंग गडद, जांभळटाकडे झुकतो. पावसाळ्यात बाटलीचं झाकण सैल राहिलं, तर पूड हवेतली ओल ओढून परत आकाशी होते. पुस्तकातल्या चार पानांपेक्षा हे एकदा बघितलेलं पोरांच्या जास्त लक्षात राहतं.

ही पूड पाण्यातलं शिसं शोधायलाही वापरतात. ते तिनं कसं सापडतं? पूड इलेक्ट्रोडच्या टोकावर बसवतात आणि इलेक्ट्रोड पाण्यात बुडवतात. आधी ऋण विद्युतदाब द्यायचा. पाण्यातले शिशाचे आयन टोकाशी येतात, इलेक्ट्रॉन घेतात आणि धातू होऊन तिथंच बसतात. मग दाब हळूहळू धन बाजूला न्यायचा. एका ठरावीक व्होल्टेजला शिसं सुटून परत पाण्यात उतरतं आणि त्या क्षणी आलेखावर विजेच्या प्रवाहाचं एक टोकदार शिखर उठतं. शिखर कुठं उठलं त्यावरून धातू ओळखायचा, उंचीवरून त्याचं प्रमाण. मॉफच्या पोकळ्यांमुळे आयन टोकाजवळ जास्त गोळा होतात, म्हणून थोडं शिसंही दिसतं. या सगळ्या विद्येचं मूळ प्रागच्या यारोस्लाव हेयरोव्हस्कींकडे जातं. १९२२ मध्ये ते पाऱ्याच्या थेंबावर असे आलेख काढत होते, आणि त्यासाठी त्यांना १९५९ चं नोबेल मिळालं.

यातलं काम आपल्या शेजारीच चालतं. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक महेंद्र शिरसाट यांच्या गटानं याच तांब्याच्या मॉफमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण घालून शिसं ओळखणारा इलेक्ट्रोड केला. त्यावरचा शोधनिबंध २०२० चा. सोनं हौसेखातर नाही. या मॉफमधून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून सोनं, कार्बनच्या नळ्या किंवा वीजवाहक पॉलिमर अशी काहीतरी सोबत द्यावीच लागते.

याची गरज गावात गेल्यावर कळते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत क्लोरिनची टीसीएल पूड टाकतो, ओटी टेस्ट करून क्लोरिन बघतो, बाटलीत नमुना भरून प्रयोगशाळेला पाठवतो. शिशाची कमाल मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. एवढं शिसं ना चवीला लागतं ना डोळ्याला दिसतं, आणि ते मोजणारी मोठी यंत्रं तालुक्याला नसतात. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई होते. अशा शहराच्या आसपास विहिरींचं शिसं अधूनमधून तपासावं, असं म्हणायला कुणावर आरोप करायची गरज नाही.

पण शोधनिबंध वाचताना मी शेवटून सुरुवात करतो. ‘प्रत्यक्ष नमुना’ नावाचा तक्ता तिथं असतो. बहुतेक वेळा तो नळाच्या पाण्याचा, त्यात बाहेरून शिसं घातलेलं, आणि आम्लता बेतशीर जमवून घेतलेली. आमचं बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्टमधून आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं जड. त्यात शिखर बसकं होतं, कधी सरकतं. शिवाय हा मॉफ पाण्यात राहून हळूहळू सुटत जातो आणि स्वतःचंच तांबं पाण्यात सोडतो. पाणी तपासायला केलेली वस्तू पाण्यातच विरघळावी, याला काय म्हणायचं! ऑस्लोत २००८ मध्ये झालेले झिर्कोनियमचे मॉफ पाण्यात बरेच टिकाऊ आहेत, आणि माझ्या मते पुढची वाट तिकडूनच आहे. कमीत कमी किती शिसं दिसतं, या नीचांकी आकड्यांची शर्यत आता पुरे झाली. एकच इलेक्ट्रोड एकाच बोअरच्या पाण्यात महिनाभर रोज वापरून काय होतं, ते कुणी छापलं तर मी आधी वाचीन.

आणखी एक खटकतं. शिशावर एवढं लिहिलं जातं याचं एक कारण शिसं सोपं आहे, हेही आहे. ते बसतं, सुटतं, छान शिखर देतं. मराठवाड्यातल्या विहिरींचं जुनं दुखणं मात्र नायट्रेट: शेतातला युरिया, गोठ्यातलं मूत, शोषखड्डे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून फार जास्त झालं तर बाटलीच्या दुधावरची बाळं निळी पडू शकतात. नायट्रेट इलेक्ट्रोडवर धातूसारखं बसत नाही. तांब्यावर त्याचं क्षपण करावं लागतं, तेही बऱ्याच ऋण दाबाला, आणि तिथं पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मधे तडमडतो. लॅबमध्ये नायट्रोजन वायू सोडून तो हाकलता येतो. विहिरीच्या काठावर सिलिंडर कोण नेणार? एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीनं यंदा प्रकल्पाला नेमकं हेच घेतलंय. तिचे वडील भोकरदन तालुक्यातून येताना त्यांच्याच विहिरीचं पाणी कॅनमध्ये आणून देतात. ऑक्सिजनचं काय करायचं, यावर आमचं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, ऑक्सिजन काढूच नये, त्याचा प्रवाह वेगळा मोजून वजा करावा. मला ते पटलेलं नाही, पण करून बघ म्हटलंय.