सूज चढते, मग उतरते कशी?

बोटात काटा रुतून राहिला की बोट लाल होते, सुजते. काही दिवसांत सूज ओसरते. या चढ-उतारात एका प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्याचे नाव एनएफ-कॅपा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी अमेरिकेत केलेला त्याचा शोध १९८६ साली प्रसिद्ध झाला.

एरवी ‘आय-कॅपा-बी’ हे दुसरे प्रथिन पहारेकऱ्यासारखे त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरते. जंतूंची चाहूल लागताच पेशी हा पहारेकरी नष्ट करते. मोकळे झालेले एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरते, डीएनएवर ठराविक जागी चिकटते आणि संरक्षक प्रथिनांची जनुके चालू करते. त्यामुळे पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज चढते.

गंमत पुढेच आहे. चालू झालेल्या जनुकांत आय-कॅपा-बीचेही जनुक असते! नवा पहारेकरी तयार होतो आणि एनएफ-कॅपा-बीला केंद्रकाबाहेर खेचतो. इस्त्री तापली की आतली धातूची पट्टी वाकून वीजप्रवाह तुटतो, तसेच हे.

पण प्रवाह तुटलाच नाही तर? आमवातात सांध्यांची सूज हटत नाही. काही कर्करोगांत मरायला हव्यात त्या पेशी जगत राहतात. मग हे प्रथिन औषधाने कायमचे बंदच का करू नये? विचार करा : मग जंतूंशी लढणार कोण?