शिवणयंत्र अडते कोठे?

जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वीचा पंधरवडा आणि दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे घरी शिवणकाम करून संसाराला हातभार लावणाऱ्या महिलांच्या कमाईचा काळ. नेमके त्याच वेळी यंत्र अडते. दोरा तुटू लागतो, टाके सुटतात, टिपेखाली गुंता होतो. गावात दुरुस्ती करणारा कारागीर नसतो. यंत्राचे डोके उतरवून तालुक्याला न्यावे, तर प्रवासखर्च होतो, दोन दिवसांचे काम बुडते आणि गिऱ्हाईकही दुसरीकडे जाते. वास्तविक अशा बहुतेक तक्रारींचे मूळ सुई, दोरा, कापडाचा भुसा आणि तेल या साध्या गोष्टींत असते.

यंत्र मिळण्याच्या वाटा अलीकडे वाढल्या आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतही शिंपीकामाचा समावेश करण्यात आला आणि साधनांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद झाली. यंत्र घरात येते, परंतु त्यासोबतची माहितीपुस्तिका बहुधा खोक्याबरोबरच फेकली जाते.

टाका कसा पडतो हे समजले की निम्मे काम होते. हातशिलाईच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते. यंत्राच्या सुईचे मात्र पुढच्या टोकाजवळ. एलियास हौ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचीही रचना अशीच होती. सुई कापडाखाली जाऊन वर येऊ लागली की दोऱ्याचा इवलासा फास तयार होतो. शटलचे टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवते आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. फास केसभर सरकला की टाका सुटतो. म्हणून टाके सुटू लागताच प्रथम सुई पाहावी. ती पुरती वर बसलेली असावी. तिची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवावयाचा त्या बाजूस आणि सपाट बाजू तिच्या विरुद्ध असावी. काचेवर सपाट बाजू टेकवली असता सुई व काच यांमधील फट शेवटपर्यंत सारखी दिसली नाही, तर सुई वाकलेली आहे असे समजावे. अशी सुई सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. तलम कापडास ११ क्रमांकाची, पॉपलीनसारख्या नेहमीच्या सुती कापडास १४ ची, जाड चादर किंवा ड्रिलला १६ ची आणि जीन्सला १८ ची सुई वापरावी. होजिअरीस गोल टोकाची सुई लागते. जाड शिवणीवर आल्यावर पायडल न मारता चाक हातानेच फिरवावे.

खालच्या बाजूस दोऱ्याचे फास लोंबू लागले की पुष्कळ जणी बॉबिन केसचा स्क्रू पिळू लागतात. येथेच चूक होते. खाली दिसणारा गुंता बहुधा वरच्या दोऱ्याच्या सैलपणामुळे होतो. कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला, तर तो ताण देणाऱ्या चकत्यांच्या मध्ये नीट बसत नाही. पाय वर करून दोरा पुन्हा ओवावा. बरेचदा तेवढ्याने काम भागते. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबती ठेवावी. ती आपोआप घसरू नये, हलका झटका दिल्यावर मात्र थोडी खाली यावी. स्क्रूला एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक वळण देऊ नये.

दातेरी पट्टीखाली आणि बॉबिन केसच्या पातळ पत्तीखाली भुसा साठतो. तो जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढावा. यंत्र विजेवर चालत असेल तर त्यापूर्वी जोडणी काढावी. त्यानंतर नेमून दिलेल्या छिद्रांत शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एकेक थेंब सोडावा. खोबरेल किंवा गोडेतेल कधीही वापरू नये. ते सुकून चिकट होते आणि यंत्र जड चालू लागते. तेल दिल्यावर दोरा काढून, पाय वर ठेवून यंत्र थोडा वेळ चालवावे व मग चिंधीवर टीप मारून पाहावी, अन्यथा पहिला डाग गिऱ्हाइकाच्या पोलक्यावर पडतो. पायडलच्या चामडी पट्ट्याला मात्र तेल लागू देऊ नये. पट्टा सैल झाला असेल तर थोडा कापून पुन्हा जोडावा.

काही तक्रारींत यंत्राचा दोष नसतोच. दोष कापडाच्या तयारीत असतो. कोरे सुती कापड बेतण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे, कारण पहिल्या धुण्यात ते आटते. साडीच्या फॉलचेही तसेच आहे. तो न भिजवता लावला, तर पहिल्याच धुण्यात आटून साडीच्या काठाला चुण्या पाडतो, आणि गिऱ्हाईक ती साडी घेऊन शिवणाऱ्या बाईच्या दारी येते.