विश्लेषण : पेण-रोह्याच्या खारबांधांची राखण कोणाची?

पेणमध्ये धरमतरच्या आणि रोह्यात कुंडलिकेच्या खाडीकाठची भातशेती मातीच्या बांधांवर टिकून आहे. बांधाला खांड पडली, की उधाणाचे पाणी शिवारात शिरते. मग दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघाल्याशिवाय भात होत नाही.

शिलोत्री म्हणजे काय?

पूर्वी काही ऐपतदार कुटुंबांनी पदरचा पैसा घालून बांध घातले. ती शिलोत्री जमीन. समुद्राकडच्या बांधाची दुरुस्ती शिलोत्रदाराने करायची आणि त्याबद्दल कुळांनी त्याला धान्य द्यायचे. या धान्याला 'शिलोत्री मण' म्हणत. याला दानधर्म म्हणता येणार नाही, शिलोत्रदार आपला वाटा चोख वसूल करी. पण डागडुजीची तरतूद पिकातच होती. कुळारग जमिनीत हे काम शेतकरीच मिळून करत.

मग बदलले काय?

१९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा आला आणि १९५५ च्या कायद्याने कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क संपले. सरकारी योजनांचे बांध खात्याकडे गेले, खासगी योजनांचे शेतकऱ्यांच्याच गळ्यात राहिले.

आजचे दाते?

स्क्रूवाला कुटुंबाचे स्वदेस फाउंडेशन रायगडच्या खेड्यांत पाणी, शौचालये, रोजगारावर काम करते. बांधावर दरवर्षी माती टाकायला दाता मिळणे कठीण. पाटी लावावी असे तिथे काही उभे राहत नाही.

खांड वेळेत बुजली नाही, तर शेतात कांदळवन उगवते. ते तोडायला २००५ पासून उच्च न्यायालयाची राज्यभर मनाई आहे. सातबारावर नाव शेतकऱ्याचेच राहते, नांगर मात्र घालता येत नाही.