राउटर उठेनासा झाला तर

काशीचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० मध्ये बांधवला. बांधकाम इतके अवजड होते की ते खचले, आणि १९३७ मध्ये घाट पुन्हा बांधावा लागला. कललेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ तिथे आजही उभे आहे. दगडाच्या कामात पाया खचला की वरचे सगळे कलते किंवा कोसळते. घरातल्या राउटरचे नेमके उलटे असते. वरचे सगळे विस्कटले तरी त्याचा पाया बहुतेक वेळा शाबूत राहतो, आणि त्याच पायावरून त्याला पुन्हा उठवता येते. हे माहीत नसल्याने कितीतरी चांगली यंत्रे भंगारात जातात.

या घाटांवर नेट बंद पडायला कारणे अनेक. २०१५ मध्ये गंगेकाठी वायफायसाठी टाकलेल्या ऑप्टिकल फायबरच्या केबल माकडांनी कुरतडल्याची बातमी रॉयटर्सने दिली होती. पावसाळ्यात गंगा ७१.२६२ मीटरच्या धोक्याच्या पातळीकडे चढू लागली की पाणी शिरलेल्या वस्त्यांची वीज सुरक्षेसाठी तोडतात. माकडाने तोडलेल्या केबलशी राउटरचा काही संबंध नाही. पण फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतली मुख्य प्रणाली, बदलत असताना वीज गेली, तर तो खरोखरच डेड होऊ शकतो. म्हणून हात लावण्याआधी बिघाड कुठे आहे ते पाहावे.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही. तिथे कंपनीच्या माणसालाच बोलवा. हा डबा कंपनीकडे नोंदवलेला असतो, त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरशी खेळू नका. राउटरवर एकही दिवा लागत नसेल तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. जुन्या अडॅप्टरमधला कपॅसिटर कमजोर झाला की मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, पण राउटर जोडताच दाब कोसळतो. दुसरा अडॅप्टर लावताना व्होल्ट आणि पिनचे धन-ऋण तेच हवे. अँपिअर मूळ आकड्याइतके किंवा त्याहून जास्त चालतात.

दिवे लागतात, विझतात, पुन्हा लागतात, आणि वायफायचे नाव मात्र दिसत नाही, तेव्हा खरा दुरुस्तीचा भाग सुरू होतो. राउटरच्या फ्लॅश मेमरीत अगदी सुरुवातीला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. तो उठतो, मग मुख्य प्रणालीला उठवतो. बहुतेक अपडेट त्याला स्पर्श करत नाहीत. अर्ध्यात तुटलेल्या अपडेटने मुख्य प्रणाली मोडते, बूटलोडर तसाच राहतो, आणि अनेक यंत्रांत तो सुरुवातीचे काही क्षण बाहेरून नवी प्रणाली घ्यायला तयार असतो.

ती देण्याची रीत टीएफटीपी. फाइल पाठवण्याची ही साधी पद्धत १९८० च्या दशकापासून चालत आली आहे. आधी संगणक वायफायने नव्हे, तर लॅन केबलने राउटरला जोडायचा आणि संगणकाला हाताने आयपी पत्ता द्यायचा. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत तो १९२.१६८.०.६६ असतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचे, त्याच हार्डवेअर आवृत्तीचे फर्मवेअर उतरवून फाइलला ठरलेले नाव द्यायचे. मग रिसेटचे बटण दाबून धरत वीज चालू करायची. राउटर स्वतःच फाइल मागून घेतो. नेटगिअरच्या अनेक यंत्रांत उलट आहे, तिथे आपणच फाइल ढकलायची. संगणकाचा फायरवॉल तेवढ्यापुरता बंद ठेवावा. केबलच्या मध्ये एखादा साधा स्विच बसवला तर संगणकाचा दुवा टिकून राहतो आणि तो क्षण हुकत नाही. फाइल गेल्यावर दहा मिनिटे काही करू नका. घाईने वीज काढणे हाच इथला सर्वात मोठा घात.

एवढ्यानेही उठला नाही तर झाकण उघडायचे. बऱ्याच बोर्डांवर सिरियल जोडणीची तीन-चार छिद्रे असतात. यूएसबी-टीटीएल अडॅप्टरच्या ग्राउंड, टीएक्स आणि आरएक्स या तीनच तारा जोडायच्या. राउटरचा टीएक्स अडॅप्टरच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला. दाब ३.३ व्होल्टचाच हवा, ५ व्होल्टने चिप जळू शकते. अनेक यंत्रांत वेग ११५२०० असतो. मग पडद्यावर राउटर ओळीओळीने बोलू लागतो, आणि कुठल्या ओळीवर अडतो ते दिसते. माझ्या मते या कामातला सर्वात मोलाचा भाग हाच, कारण अंदाज संपतो.

बूटलोडरच पुसला गेला असेल तर फ्लॅशची चिप क्लिप आणि प्रोग्रॅमरने थेट लिहावी लागते. हे काम जाणत्या कारागिराकडेच द्या, आणि त्याला आधी संपूर्ण चिपची प्रत काढायला सांगा. वायफाय रेडिओची जुळणी आणि यंत्राचा मॅक पत्ता बहुधा त्याच चिपमध्ये असतो, आणि ती जुळणी दुसऱ्या यंत्राची चालत नाही. ती गेली की राउटर उठतो, पण वायफाय नीट चालत नाही.

सामान्य माणसाला हे सारे करता येते, त्यामागे लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा वाटा मोठा आहे. २००२ च्या अखेरीस तो बाजारात आला. त्यात लिनक्स वापरल्याने कंपनीला स्रोत-कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज शेकडो मॉडेलांची दुरुस्ती तिथल्या स्वयंसेवकांच्या टिपणांवर चालते.

ज्यांचा राउटर आज चालू आहे त्यांनी तळाच्या स्टिकरवरचे मॉडेल व आवृत्ती लिहून ठेवावी, सेटिंगची प्रत संगणकात साठवावी, आणि फर्मवेअर बदलायचे असेल तर राउटर आधी इन्व्हर्टरवर घ्यावा.