नाथसागराच्या गाळावर बसलंय कोण?

उन्हाळा जवळ आला की जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी मागं सरकतं आणि पैठण परिसरात ओल्या गाळाचे पट्टे उघडे पडतात. शेतकरी तिथं गाळपेर करतात, पक्षीनिरीक्षक दुर्बिणी रोखतात. पावलागणिक भुर्रकन उडून दोन हातांवर पुन्हा बसणाऱ्या बारक्या काळ्या जीवांना मात्र सगळेच ‘चिलटं’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात तेवढ्या हातभर गाळात चार-पाच कुळं नांदत असतात आणि प्रत्येकाचा धंदा निराळा असतो.

ओळखीची सुरुवात पंखांपासून करावी. माश्या आणि डास द्विपंखी गणातले. त्यांच्या मागच्या पंखांच्या जागी उडताना तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गुंड्या असतात. चार पंख दिसले, तर ती माशी नव्हेच. मग मिशा पाहाव्यात. लांब, अनेक पेरांच्या मिशा असतील तर जीव डासांच्या गोतावळ्यातला. आखूड, जाडसर असतील तर खरी माशी.

पहिल्या गोतावळ्यात कायरोनोमिड सर्वांत जास्त. संध्याकाळी पाण्याकाठी त्यांचे थवे खांबासारखे वर-खाली होतात आणि लोक डास समजून धूर करतात. पण यांना टोचणारी सोंड नसते. शिवाय बसल्यावर कायरोनोमिड बहुधा पुढचे पाय उचलून धरतो, तर डास मागचे. नराच्या मिशा पिसांसारख्या झुबकेदार असतात. गाळातल्या यांच्या बऱ्याच अळ्या लालभडक दिसतात, कारण त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्यामुळे त्यांचा निभाव लागतो. पुण्याच्या विद्यापीठात ‘कायरोनोमस रॅमोसस’ या जातीच्या अळ्यांवर संशोधन झालं आणि त्या किरणोत्सर्गालाही चिवटपणे तोंड देतात, असं आढळलं.

याच गोतावळ्यातला क्युलिकॉइडिस मात्र चावरा. जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचा. पंखांवर बहुधा करडे ठिपके. मेंढ्यांमध्ये नीलजिव्हा रोग पसरवतो तो हाच, त्यामुळे काठावर कळप बसवणाऱ्यांनी याला ओळखायलाच हवं.

आखूड मिशांच्या माश्यांमध्ये हिरवट धातूसारखी चमकणारी, उंच पायांवर ताठ उभी दिसली तर ती डोलिकोपोडिड. ती मऊ अंगाचे बारके जीव मारून खाते. काळपट, फुगीर चेहऱ्याची, गाळावरचं शेवाळ टिपत चालणारी असेल तर ती एफिड्रिड. याच कुळातली ऑक्थेरा गाळातून अळ्या उपसून खाते. तिच्या पुढच्या पायांच्या मांड्या प्रार्थनाकीटकासारख्या जाड आणि पकड घेणाऱ्या असतात. भिंगातून त्या पाहिल्या की दुसऱ्या खुणेची गरज उरत नाही. घरमाशीची भावंडं वाटणाऱ्या लिस्पे माश्याही याच पट्ट्यात शिकार करतात. तोंडाजवळची त्यांची स्पर्शकं टोकाला चमच्यासारखी पसरट असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झालेल्या या जलाशयावर उतरणाऱ्या शेकाट्या, धोबी, तुतारी यांचं पोट बऱ्याच अंशी याच अळ्या-माश्यांवर भरतं. शिवाय हेच जीव पाण्याची तब्येतही सांगतात. सांडपाण्यानं प्राणवायू घटला की नाजूक कीटक हटतात आणि लाल अळ्यांची गर्दी होते. सांडपाणी वाहणाऱ्या खाम नदीकाठचा गाळ आणि नाथसागराचा गाळ शेजारी ठेवून पाहणं म्हणूनच शाळकरी मुलांनाही जमण्याजोगा प्रयोग आहे.

फोटो काढताना वरून एक, बाजूनं एक आणि चेहऱ्याचा एक काढावा; पंखांच्या शिरा स्पष्ट याव्यात. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय नमुने गोळा करू नयेत. नेमकी जात ठरवायला बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली नराचे जननावयव तपासावे लागतात, आणि ते तज्ज्ञांचं काम. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या द्विपंखींवरचा ब्रुनेट्टी यांचा १९१२ चा खंडही डास आणि कायरोनोमिड वगळूनच निघाला होता. तेव्हा जातीपाशी अडलात तरी हरकत नाही. कूळ, तारीख, जागा आणि ती माशी काय करत होती, एवढं वहीत उतरलं तरी पुढच्या उन्हाळ्यात त्याच काठाशी तुलना करता येते.