माळ्यावरचा जुना माल आणि जुमेरात बाजार



दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी माळे झाडले जातात. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांतील आपली जुनी घरे एकेक करून पाडली जात आहेत आणि कुटुंबे फ्लॅटमध्ये जात आहेत. तिथे तांब्याचा बंब ठेवायला जागा नसते आणि लोखंडी ट्रंकांचे काय करायचे, हे कुणालाच सुचत नाही. मग गल्लीत हातगाडी उभी राहते. महाराष्ट्रात ज्याला भंगारवाला म्हणतात त्याला आपण इथे कबाडीच म्हणतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्याने आम्हाला तर तोच शब्द जवळचा वाटतो. या अंकात या हातगाडीच्या पुढच्या प्रवासाविषयी थोडी माहिती देत आहोत. जुन्या वस्तू स्वस्तात मिळवण्याचा छंद अनेकांना असतो, आणि तो छंद नीट समजला की आपल्याच घरातून काय बाहेर जात आहे तेही दिसू लागते.

ज्या पालकांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी तिथला 'इस्टेट सेल' पाहिला असेल. घरातील वृद्ध माणूस गेले किंवा घर सोडायचे ठरले की घरातील सगळ्या वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावतात आणि लोक रांगेने घरात येऊन खरेदी करतात. शेवटच्या दिवशी पुष्कळदा भाव निम्म्यावर येतो. 'थ्रिफ्ट स्टोअर'मध्ये लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकतात आणि ते पैसे बहुधा धर्मादाय कामाला जातात. आपल्याकडे घरच उघडून विक्री करण्याची पद्धत नाही. हैदराबादेत मोठ्या घरांतील सामानाचा 'हर्राज' होत असे, म्हणजे बोली लावून विक्री. बाकी सर्व काम कबाडीच करतो. तो माल उचलतो, निवडतो आणि त्यातला बराचसा पुराना पुलाजवळच्या जुमेरात बाजारात पोहोचतो. जुमेरात म्हणजे गुरुवार. मोडके पंखे, कुलुपे, घड्याळे, पितळी भांडी, फोटोच्या चौकटी, सारे काही तिथे जमिनीवर मांडलेले असते. पुस्तकांसाठी रविवारी आबिड्सचा फूटपाथ आहे. दुकाने बंद असतात आणि त्यांच्या पायऱ्यांपुढे ढीग लागतात. मराठी पुस्तक विक्रेत्याला बहुधा वाचता येत नाही, त्यामुळे ते सर्वांत स्वस्त ढिगात पडलेले असते. केतकरांच्या ज्ञानकोशाचा एखादा सुटा खंड किंवा निर्णयसागरची जुनी पोथी तिथे दिसली तर तुमच्या नजरेचा फायदा तुम्हालाच!

स्वस्त खरेदीचे सगळे रहस्य ओळखण्यात आहे. घासाघीस करण्यात आपण सुलतान बाजारची माणसे कुणाला ऐकणार नाही, पण वस्तू ओळखता आली नाही तर घासाघीस करूनही फसगतच होते.

प्रथम धातू पाहू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कांसे म्हणजे तांबे आणि कथील. कांशाच्या वाटीवर बोटाने टिचकी मारली की नाद बराच वेळ घुमतो, पितळेचा लवकर विरतो. जुन्या भांड्याचा तळ आणि कड वापराने झिजलेली असते. नव्या भांड्याला आम्लाने काळे करून 'जुने' बनवले असेल तर काळेपणा सगळीकडे सारखा असतो, अगदी हात जिथे रोज लागायला हवा तिथेही. बिदरीचे काम तर आपल्या शेजारचेच आहे, कारण १९५६ पर्यंत बिदर हैदराबाद संस्थानात व नंतर हैदराबाद राज्यात होते. ती वस्तू मुख्यतः जस्ताची असते, त्यात थोडे तांबे. ती हाताला जड लागते. बिदरच्या किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून चोळले की धातू काळा पडतो, पण त्यात ठोकलेली चांदी पांढरीच राहते. नखाने खरवडल्यावर नक्षी किंवा काळा रंग निघाला तर तो नुसता रंग समजावा.

नाण्यांची तर हैदराबादेत मौजच आहे. आपले आजी-आजोबा 'हाली' आणि 'कलदार' असे दोन रुपये ओळखत. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार, आणि साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. चारमिनार असलेल्या नाण्यावर मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असते. 'मीम' असेल तर ते मेहबूब अली खान यांच्या काळातील, 'ऐन' असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांच्या काळातील. हे अक्षर ओळखायला एक मिनिट पुरते.

वस्तूवरचे किंवा कागदावरचे साल वाचता येणे त्याहून महत्त्वाचे. आपल्या भागात तीन कालगणना चालत असत. शके असेल तर ७८ मिळवावे. फसली असेल तर ५९० मिळवावे. हिजरी वर्ष चांद्र असल्याने लहान असते, म्हणून त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावे. शके १८५९, फसली १३४७ आणि हिजरी १३५६ ही तिन्ही ढोबळमानाने १९३७ सालाजवळ येतात. सातवी-आठवीच्या मुलांनी करून पाहावे, गणिताच्या तासाला शिक्षक हरकत घेणार नाहीत.

जुन्या देवादिकांच्या रंगीत चित्रांबाबत एक भिंग जवळ असू द्यावे. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळच्या शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, रवाळ दिसतात. आजच्या छपाईत ते रांगेत, एकसारखे असतात.

फसवणुकीचे प्रकार पुष्कळ आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ सालचे म्हणून राम-सीता-हनुमानाचे नाणे जागोजागी दाखवतात. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. वीज पडलेले तांब्याचे भांडे तांदूळ ओढून घेते, त्याला कोटी रुपये मिळतात, हा 'राइस पुलर'चा धंदा आपल्या शहरातही अनेकांना बुडवून गेला आहे. जुन्या नोटा-नाण्यांसाठी आपल्या नावाने कुणी शुल्क मागत असेल तर देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले होते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का असेल आणि रद्द केल्याची खूण नसेल तर ते पुस्तक घेऊ नये, उलट त्या वाचनालयाला कळवावे.

परदेशी असलेल्या मुलांसाठी समई, देव, पोथ्या नेणाऱ्यांनी आणखी एक कायदा लक्षात ठेवावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षे वा त्याहून जुने ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून मिळतो. तो विमानतळावर जाण्याआधी घ्यावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, कुलुपे, स्वयंपाकघरातील भांडी गोळा केली. राजेरजवाड्यांच्या खजिन्यांपेक्षा सामान्य घरांतल्या रोजच्या वस्तूंवर त्यांचा जीव होता. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी केलेल्या संग्रहालयात आज वीस हजारांवर वस्तू आहेत. आपल्याच शहरात जगदीश मित्तल आणि कमला मित्तल या चित्रकार दांपत्याने फार पैसा नसताना बिदरी, चित्रे, वस्त्रे जमवली आणि १९७६ मध्ये त्यांचा न्यास केला. या लोकांना वस्तू मिळाल्या, कारण घरच्यांना त्या नकोशा झाल्या होत्या.

जुमेरात बाजारात फिरताना आम्हाला सर्वांत जास्त थांबवतात ती नावे घातलेली भांडी. तांब्याच्या कळशीवर, पितळी डब्यावर बारीक ठोक्यांनी देवनागरीत आडनाव, कधी लग्नाची तिथी, कधी 'मामांकडून' असे शब्द. हे भांडे इथल्याच एखाद्या मराठी घरातून मोडीच्या भावाने, म्हणजे वजन करून आणि घट कापून गेलेले असते. स्टीलची भांडी आली तेव्हा पितळ असेच गेले. ते पुन्हा मिळते तरी. ट्रंकेतले कागद रद्दीत गेले की त्यांचा लगदा होतो. निजामाच्या राज्यात मराठी कुटुंबांनी वकिली केली, शाळा चालवल्या, गणेशोत्सवाचे हिशेब लिहिले. त्यातले किती तरी मोडीत आणि उर्दूत आहे, आणि घरातल्या नव्या पिढीला दोन्ही वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरते. मोडीतला कागद असा रद्दीच्या भावाने जातो.

भांडी विकू नका, असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. जागेची अडचण आम्हालाही ठाऊक आहे. विकण्याआधी मात्र भांड्यावरची अक्षरे मुलांकडून वहीत उतरवून घ्यावीत. ते भांडे कुणी, कुणाला, कधी दिले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याखाली लिहावे. कागदांचे गठ्ठे रद्दीत टाकण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात आणून दाखवावेत. मोडी आणि उर्दू वाचू शकणारी माणसे आपल्या समाजात अजून आहेत, त्यांना आम्ही बसवून घेऊ. कागद वाचून तुम्हालाच परत मिळतील. आणताना ते पिशवीत कोंबू नयेत, प्लॅस्टिकमध्ये तर नकोतच. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून सुती कापडात गुंडाळावेत. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत, ते काम आमच्यावर सोडावे.